पाचवा दोर

१० जानेवारी

या रोजनिशीच्या पहिल्याच पानावर मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती कोणत्या अधिकाऱ्याकडे करावी हे कळत नसल्यामुळे कागदाकडेच करतो. तक्रार लोणच्याची आहे. आज सकाळी अकराला मी नागाओरीच्या स्टेशनावर उतरलो आणि दुपारी तीनपर्यंत माझ्याकडे हिरव्या पाल्याच्या खारवलेल्या लोणच्याच्या सात बरण्या जमल्या. बाजारपेठेतल्या सात दुकानांनी नव्या शेजाऱ्याचं स्वागत म्हणून दिल्या, आणि प्रत्येक जण निघताना आवाज खाली आणून सांगून गेला की बाकीच्या सहांचं फार खारट असतं. एकटा जीव, त्रेपन्न वर्षांचं पोट, आणि रक्तदाब असा की डॉक्टर आकडा पाहून पेन खाली ठेवतात. आतिथ्यानं माणूस मारण्याला कोणत्या कलमाखाली शिक्षा आहे ते शोधायला हवं.

एरवी मी खुशीत आहे. आमच्या वर्तमानपत्राचं इथलं कार्यालय म्हणजे मीच. खाली टेबल, टेलिफोन आणि रॉकेलची शेगडी. वर झोपायची खोली. खिडकीतून फक्त बर्फ दिसतो, रस्ता पाहायचा असेल तर स्टुलावर उभं राहावं लागतं. बायको शहरातच राहिली आहे. फोनवर म्हणाली, की एकांत मिळालाच आहे तर आता तरी ते संस्कृत बाहेर काढा. वडिलांच्या देवळाचं पुजारीपण गळ्यात पडू नये म्हणून मी क्योतोला संस्कृत शिकायला पळालो, आणि संस्कृतानं पोट भरेना म्हणून बातमीदारीत पळालो. इथून पुढे पळायला जागा नाही, रेल्वेमार्गही इथेच संपतो.

संध्याकाळी इसुरुगीसान येऊन गेले. पत्र्याची छपरं घालण्याचा धंदा, वय सत्तर, मान बैलासारखी. बाजारपेठेतल्या छपरांवरचा बर्फ उतरवणाऱ्या टोळीचे ते मुकादम. इथे राहणाऱ्या प्रत्येकानं टोळीत काम करायचं अशी रीत आहे म्हणे. त्यांनी मला बुटांपासून चष्म्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाले, की तुम्ही खालीच बरे.

१२ जानेवारी

आज कामाला सुरुवात. सहकारी भांडार हे गावातलं एकमेव मोठं दुकान. तांदळापासून बाळाच्या दुधापर्यंत सगळं तिथंच मिळतं. चाळीस पावलं लांबीचं पत्र्याचं छप्पर, आणि त्यावर छातीइतका बर्फ.

चौघं वर जातात. एक इसुरुगीसान. दुसऱ्या सोबाच्या शेवयांची खानावळ चालवणाऱ्या नेझुबाई. साठीला आलेल्या, पण फावडं असं चालवतात की बर्फानंच वाट द्यावी. तिसरा साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, दुकानदार होताका, ज्याचं तोंड झोपेतही बंद होत नसावं. चौथे भांडाराचे व्यवस्थापक तोकिवासान, मितभाषी, शिडीला हात लावण्याआधी दर वेळी घशातल्या घशात काहीतरी पुटपुटणारे. चौघांचे बाजारपेठेच्या मंडळानं दिलेले एकसारखे पिवळे रेनकोट, डोक्यावर टोपडं, तोंडाला टॉवेल. दिसतात ते फक्त डोळे.

पाचवा मी. माझ्या पदाला 'तळवाला' म्हणतात. मी खाली दोरी बांधून येणाऱ्याजाणाऱ्यांना लांब ठेवायचं, हे सोपं काम. खरं काम मागच्या बाजूला. प्रत्येकाच्या कमरेचा दोर आढ्यावरून पलीकडे येतो आणि मागच्या पटांगणात, छपरापासून लांब पुरलेल्या लोखंडी कठड्याला बांधलेला असतो. दोराची लांबी अशी की माणूस घसरला तरी वळचणीशी अडकावा. बर्फ पडत असला की वरचा आवाज खाली येत नाही, म्हणून बोलणं दोरानं. दर दहा मिनिटांनी मी प्रत्येक दोर एकदा ओढून विचारायचं, वरच्यानं दोनदा ओढून ठीक आहे म्हणायचं. होताका तीनदा ओढतो. कारण विचारलं तर म्हणाला, अहो पेपरवाले, दुकानदार आहे मी, एक वर टाकल्याशिवाय माप पुरं होतं का?

इसुरुगीसानांनी नियम असे सांगितले की पाठ करून घेताहेत असं वाटावं. चौघं वर आणि एक खाली, त्याहून कमी असतील तर शिडीला हात लावायचा नाही. शिडीचं वरचं टोक बांधल्याशिवाय दुसऱ्यानं चढायचं नाही. सुरुवात वळचणीपासून करायची आणि आढ्याकडे सरकायचं. पत्रा उघडा पाडायचा नाही, वीतभर बर्फ ठेवायचाच. उघडा पत्रा म्हणजे ओला साबण. ऊन पडून ठिबकायला लागलं की जे उरलं ते तसंच टाकून उतरायचं. आणि माझ्यासाठी दोन. उतरलेली माणसं मोजून मी 'चार वर, चार खाली' असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय शिडी काढायची नाही. आणि ज्याला दोर ओढून विचारलं, तो खाली येईपर्यंत तळवाल्यानं जागा सोडायची नाही. विचारलं की तो आपला.

कठड्याला एक पाचवा दोरही आहे. करडा, कडक, आढ्यावरून बर्फात गेलेला. मी विचारलं, तर इसुरुगीसान म्हणाले की तो शिओमीचा. गेल्या फेब्रुवारीत जेवणाच्या सुट्टीत शिओमी एकटाच वर गेला आणि घसरत्या बर्फाखाली गाडला गेला. छपरावर गेलेल्या माणसाचा दोर इथे पुढच्या वर्षीचा बर्फ वितळेपर्यंत सोडत नाहीत. आणखीही काही सांगणार होते बहुधा, पण तेवढ्यात नेझुबाईंनी मागच्या दारातून ओरडून सांगितलं की सोबा गार झाल्या तर पुन्हा ऊन करून मिळणार नाहीत, मुकादम असलात तरी.

१५ जानेवारी

तीन दिवस सतत बर्फ. भांडाराचे सरकते दरवाजे अडकायला लागलेत. छताचं ओझं भिंतींत उतरलं की पहिली तक्रार दारं करतात. म्हणून आज भर हिमवर्षावातच टोळी वर गेली.

चष्म्यावर बर्फ, पापण्यांवर बर्फ. मी डोळे मिटून हातानंच कठड्यावरचे दोर चाचपत गेलो. ओढला, दोन. ओढला, दोन. ओढला, तीन, होताका. ओढला, दोन. ओढला, दोन. काम चोख झालं म्हणून पुढच्या बाजूला आलो, हात चोळले, आणि मग मोजलं.

दहा जण नदी उतरून गेले. मोजताना प्रत्येकानं स्वतःला वगळलं आणि नऊच भरले म्हणून गळा काढून रडले, ही गोष्ट आम्हाला संस्कृताच्या पहिल्याच वर्षी शिकवली होती. माझं उलटं झालं. चार चढले आणि पाच भरले. शास्त्रकारांनी याची काही सोय करून ठेवलेली नाही. दोर बर्फात अडकून ताणला गेला असेल, वाऱ्यानं हिसका दिला असेल, असं मी स्वतःला समजावलं. उतरले ते चारच.

सोबा खाताना मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. कोणी हसलं नाही. फक्त होताका म्हणाला, मग शिओमीभाऊंची पण एक वाटी लावा, वर्षभराचा उपाशी आहे बिचारा. नेझुबाईंनी त्याच्यापुढची वाटी उचलून घेतली. मेल्या, तोंड धुऊन ये आधी, म्हणाल्या, पण वाटीतला रस्सा टेबलावर सांडला.

इसुरुगीसानांनी मला दोनदा विचारलं: ओढलात? उत्तर आलं? मग डोळे मिटून म्हणाले, की चूक माझी आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत असतं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मेलेल्याचा दोर राखतात, ओढत नाहीत. विचारलं की त्याला वाटतं खाली कोणी वाट पाहतंय. मग तो उतरतो. आणि शिडी जितक्यांना वर नेते, तितक्यांनाच खाली आणते.

आम्ही सगळे मागे गेलो. त्यांनी कमरेची सुरी काढली. शिओमीचा दोर सकाळपर्यंत सैल होता, आता तारेसारखा ताठ होता. त्यांनी पातं दोरावर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. नंतर सुरी मिटली. भार असलेला दोर कापायचा हात या गावात नाही, म्हणाले. कोण आहे ते नंतर, भार आहे ना.

मीही सुरी मागितली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१९ जानेवारी

नवा नियम. उतरणाऱ्यानं शिडीच्या पायथ्याशी टॉवेल खाली करून मला तोंड दाखवायचं. आज चौघांनीही दाखवलं. होताकानं जीभही दाखवली.

पाचव्या दोराला मी हात लावला नाही. पण आढ्यावर प्रत्येक दोराची खाच पडते, ती खालून दिसते. शिओमीच्या दोराची खाच परवा छपराच्या मध्यावर होती. आज ती शिडीच्या अंगाला पाच-सहा हात सरकली आहे. मी पेन्सिलीनं आकृती काढून इसुरुगीसानांना दाखवली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि बाकीच्यांना दाखवू नका म्हणाले.

मी म्हटलं, वर जाणं थांबवू या. त्यांनी मला भांडारात नेलं. आत दहा-बारा बायका तांदूळ, अंडी घेत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर तुळई कुरकुरत होती. बायका पैसे देता देता वर बघायच्या, पुन्हा खाली बघायच्या. एवढंच दाखवून ते म्हणाले, चला.

२४ जानेवारी

रात्री लिहितो आहे.

सकाळी वादळ. काम दोन तासांत आटपायचं ठरलं. बाराच्या सुमाराला ते उतरले. इसुरुगीसान. नेझुबाई. तोकिवासान. मग चौथा. चष्मा पुसावा तर बोटं वळत नव्हती. चौथ्यानं टॉवेल खाली केला. तोंड दिसलं. होताकाच होता; म्हणजे मला तसं दिसलं. मी मोठ्यानं म्हटलं, चार वर, चार खाली. शिडी काढली. वहीत सही केली.

तो काही बोलला नाही. शिडीवरून उतरून माझ्यासमोर उभा राहिला आणि होताका काही बोलला नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चार वाजता होताकाची बायको कायो विचारायला आली की आज इतका उशीर का.

बारानंतर बर्फ थांबला होता; शिडीच्या जागेपासून खानावळीकडे तिघांची पावलं गेलेली दिसत होती. चौथी वळून गल्लीत गेलेली. मागे कठड्यावर शिओमीचा दोर सैल, जमिनीवर पडलेला. आणि होताकाचा ताठ.

इसुरुगीसान पुन्हा शिडी लावून वर धावले. मी काय करणार? मी तळवाला. मी होताकाचा दोर धरला आणि ओढला. एकदा. उत्तर आलं. तीनदा. मी ओरडलो, जिवंत आहे, जिवंत आहे! कायो माझ्या पाठीला धरून रडायला लागली, आनंदानं.

आढ्याखाली सापडला. तोंडात बर्फ. डॉक्टर म्हणाले, बारापूर्वीच गेलेला आहे.

२६ जानेवारी

काल अंत्यविधी. तीस वर्षं मी अशा बातम्या दोन ओळींत लिहीत आलो: छपरावरचा बर्फ उतरवताना एकाचा मृत्यू. मुख्य कार्यालयानं फोन करून विचारलं की खाली पहाऱ्यावर कोणी नव्हतं का. होतं, म्हटलं. तिसरी ओळ घाला.

नेझुबाईंनी खानावळ उघडलेली नाही. आज दिसल्या तेव्हा म्हणाल्या, मी त्याला रोज मेल्या म्हणायचे हो.

शिओमीचं घर गेल्या वर्षापासून बंद आहे. काल सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. इसुरुगीसान आणि मी गेलो. शेगडी गरम. माणूस नाही. खुंटीवर मंडळाचा पिवळा रेनकोट, त्यातून पाणी ठिबकत होतं. इसुरुगीसान रेनकोटाला वाकले, म्हणजे नमस्कार केला. म्हणाले, पोचला घरी. मग परत येऊन त्यांनी त्याचा दोर कठड्यावरून सोडला आणि जाळला.

कठड्याला होताकाचा राहिला.

मग मी कबूल केलं: मी पुन्हा मेलेल्याला दोर ओढून विचारलं. ते रागावले नाहीत. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः बर्फाखाली गेले होते. हात हलेना, दिसेना. त्यांचा तळवाला अर्धा तास मिनिटामिनिटाला दोर ओढत राहिला. कोणी विचारतंय एवढं कळलं, की माणूस तग धरतो, म्हणाले. तुम्ही जिवंत समजून ओढलात. मीही ओढलाच असता.

मग होताकाच्या दोराकडे बघून म्हणाले, पण आता तो विचारलेला आहे.

३० जानेवारी

चार दिवसांत आणखी छातीभर बर्फ. भांडाराचं पुढचं दार उघडतच नाही. लोक मागून जातात. आज दुपारी तुळईतून बंदुकीसारखा आवाज आला. तोकिवासानांनी दुकान बंद केलं. पण आत गावाचं धान्य आहे, आणि घाटातला रस्ता आणि रेल्वेही परवापासून बंद.

नगरपालिकेत गेलो. यंत्रं सगळी घाटात आहेत, आठवडाभर येणार नाहीत. शहरातल्या ठेकेदाराला फोन केला. येतो म्हणाला, रस्ता उघडला की. तोही तेच सांगतो जे सगळे सांगताहेत.

होताकाचा दोर ताठ आहे. हात न लावताही हलतो. तीनदा. मग थांबतो. मग तीनदा.

खाच शिडीकडे निघाली आहे.

२ फेब्रुवारी

उद्या वर जायचं ठरलं. तिघंच आहेत. चौथा नाही, म्हणजे नियम मोडून. मी म्हटलं, मी येतो वर. नेझुबाई म्हणाल्या, मग आमचे दोर कोण धरेल, तुमचा चष्मा? पहिल्यांदाच थोडं हसू आलं सगळ्यांना.

तोंडावर भरवसा नाही आता. ठरलं ते असं: उतरल्यावर हातमोजा काढून हात माझ्या हातात द्यायचा. नाव सांगायचं. आणि सगळे उतरले की मी आधी मागे जाऊन दोर बघायचे, त्यानंतरच आकडा बोलायचा.

बायकोला फोन केला. हवापाणी बोललो. ती म्हणाली, आवाज असा का येतोय? मी म्हटलं, लोणचं खारट आहे.

३ फेब्रुवारी, सकाळ

आज घराघरांतून भुतं हाकलायचा दिवस. दारादारातून भुईमुगाच्या शेंगा फेकताहेत, मुलं ओरडताहेत: भूत बाहेर, लक्ष्मी घरात. होताकाच्या दारावरून गेलो. कायो उंबऱ्यात उभी होती, मूठभर शेंगा घेऊन. ती फक्त लक्ष्मी घरात म्हणाली. दुसरं म्हणाली नाही. दार उघडंच ठेवलं आहे तिनं.

वारा नाही. बर्फ सरळ, जाड. दहा हातांपलीकडे दिसत नाही.

नऊ वाजता तिघं वर गेले. लाल चिंधी नेझुबाईंच्या दोराला, निळी इसुरुगीसानांच्या, पांढरी तोकिवासानांच्या. होताकाचा मी बघत नाही.

३ फेब्रुवारी, दुपार

पटांगणात कठड्यापाशी बसून लिहितो आहे. इसुरुगीसानांनीच सांगितलं, हाताला काहीतरी काम द्या. हात दोराकडे जाऊ नये म्हणून —

नीट लिहितो. वीस मिनिटांपूर्वी उतरले. तिघं. पहिले इसुरुगीसान, हात धरला, नाव सांगितलं. दुसरे तोकिवासान. तिसऱ्या नेझुबाई. हात गार. पण सगळ्यांचेच हात गार होते, अशा बर्फात कोणाचे नसतील? नाव सांगितलं: नेझु. टॉवेलातून. पुटपुटल्यासारखं. मी म्हटलं, बाई, बसा. त्यांनी मान लववली. अगदी अदबीनं, आभार मानल्यासारखी. नेझुबाईंनी. मला.

मी पळत मागे आलो. निळा सैल. पांढरा सैल. होताकाचा — जमिनीवर.

लाल ताठ.

ओरडलो. इसुरुगीसान, तोकिवासान धावत आले. तिसरी पावलं गल्लीत गेली होती, उघड्या दाराच्या दिशेनं. कोणी मागे गेलं नाही. शिडी अजून तिथंच होती. इसुरुगीसानांनी माझे दोन्ही दंड धरले. दोराला हात लावू नका. आम्ही उकरून पाहीपर्यंत नाही. गेल्या असतील आणि विचारलंत, तर पुढचा कोण ते — वाक्य पुरं केलं नाही. चढले.

बर्फ पडायचा थांबलाय, वरून फावड्यांचा आवाज येतो. बर्फाचा मोठा पट्टा घसरलाय आढ्याजवळ. दोर त्याखाली तिरका गेलाय, खोल. वेळ लागेल, तोकिवासान ओरडले.

सत्तावीस मिनिटं.

ओढायचा नाही. बरोबर आहे. मी दोनदा ओढला आणि दोनदा —

पण त्यांनीच सांगितलं होतं. अर्धा तास. हात हलत नाही, दिसत नाही. कोणी विचारतंय एवढं कळलं की तग धरतो. आणि आता कोणी विचारत नाही. खाली कोणी आहे हे त्यांना कसं कळणार? त्या वाट बघत असतील, मी विचारीन म्हणून. दर दहा मिनिटांनी. मी एकदाही चुकलो नाही. आज पहिल्यांदा —

तीस.

लाल चिंधी हलली? वारा नाही.

फावडी थांबली. पुन्हा सुरू.

हात दोरावर आहे. ओढलेला नाही. नुसता ठेवला आहे. आत काहीतरी — कापतंय, की माझाच हात —

आता कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. मला भुताची भीती वाटत नाही. होताका उतरला असेल तर उतरो, घरी जावो. पुढच्या खेपेला कोण राहील याचीसुद्धा नाही. मला काळजी एकच आहे. की बाई जिवंत आहेत, आत्ता, या टोकाला, आणि मी त्यांना विचारत नाही, आणि त्यांना वाटतं आहे की खाली कोणी